'नानु अल्ले इद्दे': एका कन्नड चित्रपटाच्या मराठी सबटायटलचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका कन्नड मारधाडपटाच्या मराठी सबटायटलचे आहे. चित्रपटाचे, निर्मात्यांचे आणि काम घेणाऱ्या संस्थेचे नाव येथे दिलेले नाही. ओळख पटू नये म्हणून कथेतील काही तपशील बदलले आहेत, पण भाषेचे जे पेच पडले ते जसेच्या तसे मांडले आहेत. मराठी मजकुराची जबाबदारी माझ्याकडे होती. माझे लहानपण अक्कलकोटकडे गेले. घरात मराठी आणि दारात कन्नड, असे. त्यामुळे कन्नड कानाला परकी कधीच वाटली नाही, आणि हे काम माझ्याकडे येण्याचे कारणही तेच होते.

मराठी प्रेक्षक कन्नड चित्रपट पाहतो तो बहुधा हिंदी डबिंगमधून. दोन भाषांचा शेजार इतका जुना असताना मध्ये तिसरी भाषा यावी, हे मला कायम खटकत आले आहे. कन्नडमधला पहिला बोलपट 'सती सुलोचना' १९३४ साली पडद्यावर आला, तो चित्रित झाला कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत. एवढे जवळचे नाते असताना कन्नड संवाद थेट मराठीत आणण्याची ही संधी होती आणि ती नीट पार पडावी अशी मनापासून इच्छा होती.

चुकीच्या ओळखीची कथा कन्नड पडद्याला नवी नाही. १९७८ च्या 'शंकर गुरु'मध्ये कन्नड अभिनेते राजकुमार यांनी एकट्याने तीन भूमिका केल्या आणि त्याच कथेवर हिंदीत १९८३ साली 'महान' निघाला. चेहरे सारखे असल्यामुळे होणारा घोटाळा डोळ्यांना दिसतो. अनुवादकाला तिथे फारसे काम उरत नाही. आमच्या चित्रपटात मात्र कोणाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नव्हता. घोटाळा सगळा भाषेच्या पोटात होता.

चित्रपटातील घोटाळा

कथा बेंगळुरूच्या यशवंतपूर बाजार आवारात घडते. आवारातल्या हमालांकडून आणि व्यापाऱ्यांकडून हप्ता घेणारी एक टोळी आहे. एका रात्री त्या टोळीकडून एका कारकुनाचा खून होतो. त्यानंतर पोलीस निरीक्षकाच्या टेबलावर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या येऊ लागतात. खाली नाव नसते, फक्त 'साक्षि' एवढाच शब्द असतो. चिठ्ठ्या निरीक्षक स्वतःशी मोठ्याने वाचतो, म्हणजे प्रेक्षकाला आवाज ऐकू येतो तो निरीक्षकाचा. ठाण्यातलाच एक माणूस टोळीला फितूर असल्यामुळे तोच मजकूर टोळीपर्यंतही पोहोचतो.

चिठ्ठ्यांच्या भाषेत उत्तर कर्नाटकाची छाप आहे. बेंगळुरूकडे 'नको' या अर्थी 'बेड' म्हणतात, हुबळी-धारवाडकडे 'ब्याड'. 'कसे' या अर्थी बेंगळुरूकडे 'हेगे' तर हुबळीकडे 'ह्यांग'. टोळी या शब्दांवरून माग काढते. ब्याडगीहून मिरची घेऊन येणारा हुबळीकडचा एक ट्रक ड्रायव्हर त्या रात्री आवारात मुक्कामी होता, तेव्हा लिहिणारा तोच, असे ठरते. पोलीसही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर येतात. ड्रायव्हर मार खातो, पळतो, लढतो, आणि मध्यंतरापाशी खऱ्या साक्षीदाराचा जीव वाचावा म्हणून 'हो, मीच' असे सांगून मोकळा होतो. ज्याला वाचवायचे ते माणूस कोण, हे त्यालाही माहीत नसते.

चिठ्ठ्या लिहिणारी असते आवाराबाहेरची खानावळ चालवणारी बाई. सगळे तिला 'अक्का' म्हणतात. तीही उत्तर कर्नाटकातलीच, तीही 'ब्याड'च म्हणते, रोज शेकडो लोकांसमोर म्हणते. फक्त ज्वारीच्या भाकरी वाढणाऱ्या बाईचे बोलणे कोणी कान देऊन ऐकलेले नसते. टोळीने आणि पोलिसांनी 'पुरुष कोण?' हाच प्रश्न विचारला म्हणून ती दोघांच्याही नजरेतून सुटली. चित्रपटाचा सगळा जीव या एका गृहीतकात आहे आणि प्रेक्षकानेही तेच गृहीत धरून फसावे अशी दिग्दर्शकाची योजना आहे.

अडचण

कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही. 'नानु बर्तीनि' हे बाप्याने म्हटले काय आणि बाईने म्हटले काय, रूप एकच. द्वितीयपुरुषाचेही तसेच. तृतीयपुरुषात 'अवनु' म्हणजे तो आणि 'अवळु' म्हणजे ती असा भेद आहे, पण आदरार्थी 'अवरु'मध्ये तो भेदही पुसला जातो. पटकथालेखकाने या सोयीचा फार काळजीपूर्वक उपयोग केला होता. कन्नडमध्येही लिंग आपोआप लपत नाही. 'मी एकटा' म्हणायचे तर 'ओब्बने' की 'ओब्बळे' हे ठरवावेच लागते. चिठ्ठ्यांत असा शब्द कुठेही येऊ दिलेला नव्हता.

मराठीत मात्र 'मी येतो' किंवा 'मी येते', 'मी होतो' किंवा 'मी होते' असे तोंड उघडताच ठरवावे लागते. सर्वांत अवघड ओळ तीच होती जी चित्रपटात पुन्हा पुन्हा येते: 'नानु अल्ले इद्दे'. शब्दशः 'मी तिथेच' आणि पुढे 'असणे'चा भूतकाळ. 'होतो' लिहावे तर प्रेक्षकाशी खोटे बोलल्यासारखे होते, 'होते' लिहावे तर पहिल्या वीस मिनिटांतच चित्रपट संपतो.

दुसरी अडचण सहीची. कन्नडमध्ये 'साक्षि' म्हणजे साक्षीदार, किंवा पुरावा. मराठीत 'साक्षी' हे मुलीचे नाव आहे, आणि बऱ्यापैकी प्रचलित आहे. चिठ्ठीखाली तो शब्द तसाच ठेवला असता तर मराठी प्रेक्षकाने त्याच क्षणी 'अच्छा, साक्षी नावाची मुलगी' असे म्हटले असते. समान संस्कृत शब्द असले की अनुवाद सोपा होतो असे लोक मानतात. इथे तोच शब्द सगळ्यात धोक्याचा निघाला.

तिसरी अडचण आमच्या कामाच्या पद्धतीतली होती आणि ती आमच्या लक्षात उशिरा आली. आम्हाला आधारासाठी जी फाइल मिळाली ती इंग्रजी सबटायटलची होती. पहिला मराठी मसुदा वेळ वाचवण्यासाठी तिच्यावरूनच तयार झाला. टोळीचा म्होरक्या पहिली चिठ्ठी ऐकून म्हणतो, 'यारो बायि बिडतिद्दारे', म्हणजे कोणीतरी तोंड उघडते आहे. 'यारो' म्हणजे कोणीतरी, आणि क्रियापद आदरार्थी बहुवचनी. लिंगाचा पत्ता नाही. इंग्रजीने तिथे थेट पुरुषवाचक सर्वनाम घातले होते आणि आमच्या मसुद्यात 'कोणीतरी बोलतोय, त्याला शोधा' असे उतरले होते. वाचताना ओळ सहज वाटते. पण मूळ कन्नडमध्ये टोळी बराच वेळ 'यारो' म्हणते आणि मग एका दृश्यात म्होरक्या खिडकीतून ट्रकच्या टपावर ताडपत्री बांधणाऱ्या ड्रायव्हरकडे बघतो आणि एकच शब्द उच्चारतो: 'अवने'. तोच. त्या शब्दात चूक जन्माला येते. आमच्या मसुद्यात 'त्याला' आधीच येऊन गेल्यामुळे त्या दृश्याला काही अर्थच उरला नव्हता.

हे लक्षात आल्यावर तयार झालेला मसुदा बाजूला ठेवून कन्नड संवाद ऐकत पहिल्या ओळीपासून नव्याने काम करण्याचे ठरले. मुदत आधीच कमी होती. संस्थेने यावर नाराजी दाखवली, ती समजण्यासारखी होती. तरीही हा निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ पुल्लिंग वापरण्याचा. हिंदी डबिंग आधीच झालेले होते आणि तिथे 'मैं वहीं था' असे घेतले होते. शेवटी अक्का स्वतः 'मैं वहीं थी' म्हणते तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसतोच, पण तो कथेचा धक्का नसतो. चिठ्ठीत 'था' लिहिणारा कोणी दुसराच होता का, अशी शंका येते. मूळ चित्रपटात प्रेक्षक स्वतःच्या समजुतीने फसतो. इथे त्याला भाषेने फसवले असते. शिवाय सबटायटल वाचताना कानावर कन्नड पडतच असते. सोलापूर, जत, गडहिंग्लज या भागांत दोन्ही भाषा कळणारे प्रेक्षक कमी नाहीत, आणि मूळ वाक्यात नसलेले लिंग आम्ही घुसडले हे त्यांना तिथल्या तिथे कळले असते. हा पर्याय चर्चेअंती सोडला.

दुसरा पर्याय 'आम्ही' वापरण्याचा. मराठीत 'आम्ही तिथेच होतो' हे पुरुषही म्हणतात आणि बायकाही. प्रथमपुरुषी अनेकवचनात लिंगभेद नाही. व्याकरणाच्या दृष्टीने हा मार्ग निर्दोष होता. पण चिठ्ठीत 'आम्ही' आले की साक्षीदार अनेक आहेत असे वाटते, आणि टोळी तर एकाच माणसाच्या मागे लागलेली असते. एका बैठकीत संपूर्ण दृश्य या रूपाने लावून पाहिले. चिठ्ठी एखाद्या संघटनेचे पत्रक वाटू लागली.

तिसऱ्या पर्यायाने आमचा सर्वांत जास्त वेळ घेतला. कोल्हापूर भागात बायका आणि मुलीही सर्रास 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. तिथल्या बोलीत 'मी हितंच व्हतो' हे वाक्य बाईच्या तोंडी पूर्णपणे स्वाभाविक आहे. चिठ्ठ्यांना उत्तर कर्नाटकी छाप द्यायचीच होती. तिच्यासाठी कोल्हापुरी वळण घेतले तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतात, असे मांडले गेले. कल्पना मला अतिशय आवडली होती. कन्नडच्या शेजारी राहून मराठीच्या एका बोलीने जी लकब जपली आहे, तीच इथे उपयोगी पडणार होती.

पण नागपूरच्या किंवा नाशिकच्या प्रेक्षकाचे काय? त्याला 'व्हतो' हे निखळ पुल्लिंगी वाटणार, आणि शेवटी पडद्यावर बाई 'मी हितंच व्हतो' म्हणताना दिसली की सबटायटलमध्ये चूक झाली असेच तो समजणार. एकच ओळ अर्ध्या महाराष्ट्राला खरी आणि अर्ध्याला खोटी वाटली असती. आणखी एक काळजी होती. मराठी पडद्यावर बोली बहुतेक वेळा विनोदासाठी किंवा गड्यामाणसांसाठी राखून ठेवली गेली आहे. हुबळीकडच्या कन्नडमध्ये तर मोठे साहित्य आहे. सगळ्या चिठ्ठ्या पूर्ण बोलीत लिहिल्या तर प्रेक्षक त्या गंभीरपणे घेणार नाही अशी भीती होती. एका सहकाऱ्याने बेळगावी मराठी सुचवली, त्यावर दुसऱ्याने लगेच म्हटले की मग तो ड्रायव्हर मराठी भाषकच आहे असा समज होईल, आणि सीमाभागाच्या इतिहासात तो समज साधा राहणार नाही. हे म्हणणे सर्वांना पटले.

चौथा पर्याय वाक्यरचनाच बदलण्याचा. मराठीत लिंग टाळता येते, पण त्यासाठी भाषेच्या आत शिरून वाट काढावी लागते. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्त्याचे लिंग सांगत नाही: 'मी पाहिलं', 'मी ऐकलं', 'मी लिहिलं'. भविष्यकाळही सांगत नाही: 'मी येईन', 'मी थांबेन'. हिंदीत 'आऊँगा' आणि 'आऊँगी' असा भेद करावाच लागतो. मराठीची ही मोकळीक माझ्याही आधी कधी ध्यानात आली नव्हती. 'मला यायचंय', 'मला माहीत आहे' या रचना सुरक्षित. 'मी घाबरत नाही' हा नकारही सुरक्षित, पण 'मी घाबरतो' नाही. शिवाय मराठीत नपुंसकलिंग आहे, त्यामुळे 'कोणीतरी आलं होतं', 'कोण बोलतंय?' असे अगदी सहज म्हणता येते. सापळेही होते: 'बोलणे', 'विसरणे', 'शिकणे' ही क्रियापदे कर्म घेऊनही कर्त्याप्रमाणेच चालतात, म्हणून 'मी बोललो' टाळून 'मी सांगितलं' घ्यायचे.

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

चौथा पर्याय मुख्य धरला आणि तिसऱ्यातला थोडा रंग त्यात मिसळला. चिठ्ठ्यांत 'नको'ऐवजी 'नगं' आणि 'इथं'ऐवजी 'हितं' एवढीच रूपे ठेवली, बाकी मराठी साधी. टोळी माग काढते त्या दृश्यात 'इथं नगं कोण म्हणतं?' अशी ओळ बसली. मूळचा 'ब्याड' आणि मराठीतला 'नगं' यांत प्रदेशाचा वास येतो आणि 'म्हणतं' या नपुंसकलिंगी रूपामुळे प्रश्नाचे तोंड उघडेच राहते. सहीसाठी 'साक्षीदार' घेतला, कारण तो शब्द पुरुषालाही चालतो आणि बाईलाही. म्होरक्याच्या पहिल्या ओळी 'कुणीतरी तोंड उघडतंय. शोधून काढा.' अशा झाल्या, सर्वनामाशिवाय, आणि खिडकीतल्या दृश्यासाठी 'तोच.' हा एक शब्द राखून ठेवला. हिंसेच्या दृश्यांत फार विचार करावा लागला नाही. कन्नड मारधाडपटांतला 'मच्चु' कोयता झाला.

'नानु अल्ले इद्दे' या ओळीसाठी चार दिवस गेले. 'माझ्या डोळ्यांदेखत झालं' ही मराठी म्हणण्याजोगी, घरगुती रचना पहिल्यांदा सुचली. अर्थ बिनचूक होता, पण निरीक्षक ती ओळ दीड-दोन सेकंदांत उच्चारतो आणि अक्का ती शेवटी दम लागलेला असताना बोलते. तिथे 'डोळ्यांदेखत' हा शब्द लांब वाटत होता. शेवटी 'माझ्यासमोरच झालं' ही ओळ ठरली. चिठ्ठ्यांमध्ये ती जिथे जिथे येते तिथे एकही अक्षर न बदलता ठेवायची, असा नियम केला, कारण ड्रायव्हरला उलगडा होतो तो त्याच शब्दांच्या पुनरावृत्तीमुळे. तो भाकरीचा घास हातात धरून बसलेला असतो, अक्का चुलीकडे तोंड करून उभी असते, आणि पाठमोऱ्या बाईच्या तोंडून चिठ्ठीतले वाक्य ऐकून त्याचा हात तसाच थांबतो.

या दृश्यात एक मोठा निर्णय घ्यावा लागला. अक्का ते वाक्य दोनदा म्हणते. पहिल्यांदा चुलीकडे बघत, स्वतःशी. दुसऱ्यांदा वळून, त्याच्या डोळ्यांत बघत. कन्नडमध्ये दोन्ही वेळा शब्द तेच आहेत. मराठीत पहिल्यांदा 'माझ्यासमोरच झालं' घेणे क्रमप्राप्त होते. दुसऱ्यांदा काय? मला सतत एक गोष्ट बोचत होती. कन्नड वाक्याचा कर्ता ती स्वतः आहे: मी होते, मी तिथे होते. आमच्या मराठी ओळीत कर्ता घटना झाली आणि ती बाई 'माझ्यासमोर' या शब्दात मागे सरकली. जिला सगळ्या आवाराने न पाहिल्यासारखे केले, तिला आमच्या वाक्यानेही कर्तेपदावरून उठवले होते. म्हणून दुसऱ्या वेळी 'मी तिथंच होते' असे लिहिले. संपूर्ण चित्रपटात लपवलेले 'होते' तिथे पहिल्यांदा पडद्यावर येते.

एका सहकाऱ्याचा याला ठाम विरोध होता. मूळ वाक्य बदललेले नसताना आपण बदल दाखवणे म्हणजे दिग्दर्शकाने न केलेले काम आपण करणे, असे त्याचे म्हणणे होते. मुद्दा चुकीचा नव्हता. माझे उत्तर असे होते की कन्नडमध्ये तिचा आवाज आणि चेहरा जे काम करतात, त्यातले काही काम मराठीत त्या एका रूपाने केले तर ते मूळाला सोडून होत नाही. दिग्दर्शकाच्या सहायकाला फोनवरून दोन्ही पर्याय समजावून सांगितले. 'मी तिथंच होते' हा मंजूर झाला.

मध्येच झालेली चूक

मजकूर संस्थेकडे गेल्यावर तिथे शुद्धलेखन आणि सफाईसाठी एका बाहेरच्या व्यक्तीकडे देण्यात आला. काम तक्त्यात चालते: एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात बोलणाऱ्याचे नाव, तिसऱ्यात ओळ. आमच्या तक्त्यात चिठ्ठ्यांच्या ओळींपुढे बोलणाऱ्याचे नाव म्हणून 'अक्का' असे लिहिलेले होते, कारण चिठ्ठ्या तिच्या हे आम्हाला माहीत होते. उत्तरार्धातल्या एका चिठ्ठीत 'शोध अजून चालू आहे' अशी ओळ होती. सफाई करणाऱ्या व्यक्तीला ती कोरडी वाटली असावी. नाव 'अक्का' दिसत होते, म्हणून ती ओळ 'अजून शोधतेय' अशी करण्यात आली. व्याकरण शुद्ध, मराठी जिवंत, आणि रहस्य वेळेच्या अर्धा तास आधी फुटलेले.

हे आमच्या ध्यानात आले ते प्रदर्शनाआधी काही ओळखीच्यांना चित्रपट दाखवला तेव्हा. चहाच्या वेळी एक निवृत्त शिक्षिका सहज म्हणाल्या, 'ती खानावळवालीच लिहिते ना चिठ्ठ्या?' कशावरून, असे विचारल्यावर त्यांनी ती ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवली. बाकीच्यांच्या नजरेतून ती निसटली होती, पण त्यांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या होत्या.

दोष सफाई करणाऱ्या व्यक्तीवर टाकणे सोपे होते आणि तसे एका पत्रात सुचवलेही गेले. ते मला मान्य नव्हते. ज्या तक्त्यावरून काम करायचे त्यात रहस्याचे उत्तर आम्हीच लिहून ठेवले होते आणि ते लपवायचे आहे हे मात्र कुठेच लिहिले नव्हते. सगळ्या चिठ्ठ्यांपुढचे नाव काढून 'चिठ्ठी' असे केले, एक नवा रकाना घातला आणि त्यात प्रत्येक धोक्याच्या ओळीपुढे 'लिंग उघड करू नये' अशी टीप दिली. मग पूर्ण मजकूर पुन्हा तपासला. तेव्हा आणखी एक ओळ सापडली: निरीक्षक एका ठिकाणी हवालदाराला 'त्यांना आणा' म्हणतो, ते सफाईत 'त्याला आणा' झाले होते. 'त्यांना'मध्ये तो आणि ती दोन्ही मावतात.

निष्पत्ती

दुरुस्त केलेला मजकूर पुन्हा काही जणांना दाखवला. चुलीपुढच्या दृश्याआधी कोणी लेखिका ओळखली नाही. नंतर बोलताना एकाने विचारले की आधीच्या चिठ्ठ्यांत 'तो' असे कुठे होते, मला परत बघायचे आहे. पुन्हा पाहिल्यावर ते कुठेच नव्हते. आमच्या दृष्टीने कामाची खरी कसोटी हीच होती: प्रेक्षकाने मागे जाऊन तपासले तरी सबटायटलने एकदाही खोटे बोललेले नसावे.

बोलीचा माग मात्र सर्वांपर्यंत पोहोचला नाही. 'नगं' आणि 'हितं' ही रूपे विदर्भातल्या दोघांना फक्त 'गावाकडची' वाटली. ती एका विशिष्ट दिशेकडे बोट दाखवतात हे त्यांना जाणवले नाही, त्यामुळे टोळी ड्रायव्हरपर्यंत कशी पोहोचली हे त्यांना थोडे ओढूनताणून वाटले. हे आमचे अपयशच आहे. पुण्या-कोल्हापूरच्या प्रेक्षकांना तो दुवा लगेच लागला.

वेगळे काय करता आले असते

इंग्रजी फाइलवरून सुरुवात करणे ही पहिली चूक. ज्या कथेचा घोटाळा सर्वनामांत आहे, तिथे सर्वनामे बदलून टाकणारी भाषा मध्ये येताच कामा नये. काम स्वीकारतानाच कन्नड संवादपत्रिका मागायला हवी होती. ती नंतर मागितल्यावर दोन दिवसांत मिळाली, म्हणजे अडचण फक्त न मागण्याची होती.

दुसरे, धोक्याच्या ओळींची यादी पहिल्याच दिवशी करून ती संस्थेतल्या प्रत्येकाला द्यायला हवी होती. रहस्यपटाचे सबटायटल एकट्याने केले जात नाही. वेळ जुळवणारा, शुद्धलेखन बघणारा, शेवटची नजर टाकणारा, यांपैकी कोणाच्याही हातून दोन अक्षरांत चित्रपट फुटू शकतो.

तिसरे, बोलीच्या दुव्यासाठी चिठ्ठीतल्या रूपांवर विसंबून न राहता टोळीच्या संवादात 'हुबळीकडचं बोलणं' असे दोन शब्द घालता आले असते. कन्नड प्रेक्षकाला ते सांगावे लागत नाही, मराठी प्रेक्षकाला सांगणे योग्य होते. तेव्हा मूळात नसलेले काही घालायचे नाही या हट्टापायी ते टाळले गेले. 'मी तिथंच होते'साठी तो हट्ट सोडला आणि इथे धरला, यात सुसंगती नव्हती हे मान्य केले पाहिजे.

आणि एका ओळीबद्दल अजूनही निर्णय पक्का वाटत नाही. चित्रपटभर अक्का ड्रायव्हरला रात्री 'ऊट आतेनो तम्मा?' असे विचारते. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, आणि 'ओ' हा जवळिकीचा, लहानाला लावायचा. आम्ही तिथे 'जेवलास का रे?' लिहिले. शेवटच्या दृश्यात, ज्याने तिच्यासाठी तिचे नाव स्वतःवर घेतले त्या ड्रायव्हरला ती पहिल्यांदा आदराने विचारते: 'ऊट आतेन्री?' कन्नडमधला तो 'री' मानाचा आहे, पण बायको नवऱ्यालाही 'री' म्हणूनच हाक मारते, जसे आपल्याकडे 'अहो'. 'अहो, जेवलात का?' असे लिहिले असते तर बहिणीच्या जागी बायको उभी राहिली असती. म्हणून 'अहो' गाळून नुसते 'जेवलात का?' ठेवले. 'जेवलास'चे 'जेवलात' होते, एका अक्षराचा फरक. पडद्यावर तो दोन सेकंद दिसतो, आणि चाचणीच्या वेळी तो कोणाच्या लक्षात आल्याचे कोणी बोलले नाही. 'रे' आधीपासूनच दर वेळी ठळकपणे ठेवला असता, कदाचित 'जेवलास का रे भावा?' असा, तर शेवटी तो नाहीसा झाल्याचे जाणवले असते. पुढच्या प्रतीसाठी ही दुरुस्ती सुचवून ठेवली आहे.